एकशे वीस ग्रॅमची पुडी

(मकरसंक्रांतीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी मला 'बँकेच्या नव्या योजना' या विषयावर पंधरा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. योजनांची पत्रकं मी आणली आहेत, ती चहाच्या वेळी वाटू. पण त्यांच्या परवानगीनं मी विषय बदलून घेतला आहे. आज मी अळीवर बोलणार आहे. हसू नका. मी बी.कॉम. झालेला माणूस, वीस-बावीस वर्षं काउंटरच्या मागे बसून काढली. शेतीशी माझा संबंध एवढाच की शाहपूरकडे आमची वडिलोपार्जित सात एकर जमीन आहे आणि ती मोठे भाऊ कसतात. पण ही अळी एक दिवस शेतातून उठून खरोखरच माझ्या काउंटरवर आली, म्हणून बोलतो.

२०१७ सालचा डिसेंबर होता. एक वयस्कर शेतकरी, खातं जुनं, ओळख जुनी. रांगेत त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांनी पासबुक न काढता खिशातून रुमाल काढला. रुमालाची गाठ सोडली आणि कपाशीचं एक बोंड काचेखालून माझ्याकडे सरकवलं. म्हणाले, "भाऊ, हे लिहून घ्या." मी म्हटलं, काका, हे कुठे लिहू? ते म्हणाले, "विम्याचे पैसे माझ्या खात्यातून तुम्हीच कापले ना? मग हेही तुम्हीच लिहून घ्या." त्यांनी नखानं बोंड उघडून दाखवलं. आतला कापूस पिवळट, गुठळी झालेला. दोन सरक्या एकमेकींना जाळ्यानं चिकटलेल्या. त्या अलग केल्या तर आत गुलाबी रंगाची, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी अळी आरामात बसलेली.

माझ्याकडच्या कागदावर गारपिटीला जागा होती, शेतात पाणी साचलं तर त्याला जागा होती, दरड कोसळली तरी होती. अळीला जागा नव्हती. मागे रांग वाढत होती. मी त्यांना शेती विभागाच्या कचेरीत जायला सांगितलं. तिथून त्यांना कुठे पाठवलं असेल ते मला माहीत नाही, पण बोंड माझ्या काउंटरवरच राहिलं. संध्याकाळी शिपायानं झाडून नेलं. ती गोष्ट माझ्या मनातून मात्र गेली नाही, आणि त्यानंतर मी या किडीबद्दल मिळेल ते वाचत गेलो. त्यातलं जे आपल्या कामाचं आहे ते सांगतो.

मंडीत हिला इल्ली म्हणतात, रावेरला गेलं की बोंडअळी. पुस्तकात पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. कपाशीवर येणाऱ्या बाकीच्या किडी आपल्याला दिसतात. मावा-तुडतुडे पानाखाली दिसतात, लाल ढेकण्या उमललेल्या बोंडावर दिसतात. ही दिसत नाही. मादी पतंग रात्री फुलावर, पात्यावर, कोवळ्या बोंडाजवळ अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात बोंडात शिरते आणि तिनं पाडलेलं छिद्र मागून बुजून जातं. सुरुवातीला ती फुलात असली तर पाकळ्या जाळ्यानं बांधून टाकते आणि फूल गुलाबाच्या न उमललेल्या कळीसारखं दिसतं. आपले शेतकरी त्याला डोमकळी म्हणतात. डोमकळी ओळखता आली तर बरंच काही वाचतं. पण बोंडात शिरल्यावर बाहेरून बोंड हिरवंगार, टणक. तिला पान नको, कापूसही खरं तर नको. तिला हवी असते सरकी. सरकीपर्यंत जाताना मधला धागा ती कातरत जाते, हा आपला तोटा.

आणि पुढची गोष्ट महत्त्वाची. थंडी पडली, पीक संपत आलं की ती मरत नाही. सरकीच्या आत, वाळक्या नख्यात, पऱ्हाटीत, जमिनीवर पडलेल्या पालापाचोळ्यात ती गुंडाळून झोपते. अन्नपाण्याशिवाय महिनोन्‌महिने झोपते, साठवलेल्या सरकीत प्रसंगी वर्षाच्या वरही. पुढच्या पावसाळ्याच्या सुमारास पतंग होऊन बाहेर येते. पोत्यात भरलेली सरकी जिथे जाईल तिथे ती झोपेतच जाते.

जगभर ती अशीच गेली. १८४२ साली भडोचहून किडके नमुने विलायतेला गेले आणि १८४३ मध्ये साँडर्स नावाच्या कीटकशास्त्रज्ञानं तिचं पहिलं वर्णन लिहिलं. भडोच आपल्याला काही लांब नाही, आपली निमाडची नर्मदा तिथेच समुद्राला मिळते. १९०६-०७ च्या सुमारास हिंदुस्थानातून गेलेल्या सरकीबरोबर ती इजिप्तला पोहोचली. इजिप्तच्या सरकीतून १९११ मध्ये मेक्सिकोत, आणि मेक्सिकोच्या सरकीतून १९१७ मध्ये अमेरिकेत टेक्सासला. सतराव्या शतकात टॅव्हर्निए नावाचा फ्रेंच प्रवासी बुऱ्हाणपुरात येऊन गेला. इथलं कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जातं असं त्यानं लिहून ठेवलंय आणि ते आपण प्रत्येक समारंभात अभिमानानं सांगतो. तेव्हा आपल्या मुलखानं जगाला काय काय पाठवलं याच्या यादीत ही अळीही धरावी लागेल.

आता बीटीकडे येतो, कारण सगळ्यांच्या मनात तोच प्रश्न असणार: बीटी लावल्यावर अळी कशी?

२६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या समितीनं बीटी कपाशीच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. परवानगी मिळालेल्या सहा राज्यांत मध्य प्रदेश होता. २००६ मध्ये दोन जनुकांचं बोलगार्ड-दोन आलं. बीटीला नुसती शिवी देऊन मोकळं होणाऱ्यांतला मी नाही. ज्यांना १९९० नंतरची वर्षं आठवतात त्यांना हिरवी अमेरिकन बोंडअळी आठवत असेल. एका हंगामात किती फवारण्या झाल्या हे त्या वेळी शेतकऱ्याला बोटांवर मोजता येत नसे. त्या अळीवर बीटीचं काम झालं, अजूनही होतं. आमच्या भावांनी बीटी लावली त्या वर्षी घरात पंप क्वचित उचलला गेला.

पण गुलाबी अळीनं बीटी पचवली. आधी गुजरातेत. अमरेली, भावनगर, जुनागढ, राजकोट या चार जिल्ह्यांत पहिल्या जनुकाला गुलाबी अळी दाद देत नाही, असं खुद्द बियाण्याच्या तंत्रज्ञानाच्या मालक कंपनीनं मार्च २०१० मध्ये जाहीर केलं. पुढे दुसऱ्या जनुकालाही तिनं जुमानलं नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ते तपासून मांडलं. २०१५ मध्ये गुजरातेत नुकसान झालं, २०१७ मध्ये महाराष्ट्रात हाहाकार उडाला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले. गुलाबी अळी बोंडाच्या आत बसलेली, आणि बाहेरून विषाचे एकावर एक मारे. हे मी मुद्दाम सांगतो. हिरव्या बोंडाच्या आत गेलेल्या अळीपर्यंत औषध पोहोचत नाही. दुकानदार काहीही सांगो.

आता ती पुडी. तुमच्यापैकी जे शेती करतात त्यांना आठवत असेल. बीटीच्या पाकिटात ४५० ग्रॅम बीटी बी असायचं आणि सोबत १२० ग्रॅमची एक वेगळी लहान पुडी, बिगरबीटी बियाण्याची. नियम असा होता की शेताच्या कडेनं बिगरबीटीच्या पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या वीस टक्के, यांत जे जास्त असेल तेवढं लावायचं. आपण काय केलं? आमच्या घरचंच सांगतो. पाकीट मी स्वतः बुऱ्हाणपुरातून घेऊन जायचो. मोठे भाऊ विचारायचे, ही पुडी कशाची? मी सुशिक्षित म्हणून मला विचारायचे. मी वाचायचो आणि सांगायचो, ही साधी कपाशी आहे, हिला अळी लागते. मग जिला अळी लागते ती कोण लावणार? पुडी गोठ्याच्या कोनाड्यात जायची. दोन-तीन वर्षांनी त्या सगळ्या पुड्या एकदम बाहेर काढून वहिनींनी म्हशीच्या आंबोणात घातल्या. आजूबाजूच्या बांधांवर कुणी काही वेगळं केलेलं मला आठवत नाही. काही पुड्यांतलं बी उगवतच नव्हतं, हेही खरं. पण उगवतं की नाही ते पाहायला आम्ही ते लावलं तरी कुठे होतं?

त्या पुडीचा हिशोब असा होता. हजारो अळ्यांत एखादी अशी निघते जिला बीटी बाधत नाही. सगळीकडे फक्त बीटी असेल तर बाकीच्या मरतात आणि ही वाचलेली दुसऱ्या वाचलेल्याशीच सोयरीक करते. पोरं दोघांसारखी निघतात, बीटी पचवणारी. पण शेजारी साध्या कपाशीच्या चार ओळी असतील तर तिथे साध्या अळ्या वाढतात, त्यांचे पतंग संख्येनं पुष्कळ, आणि वाचलेल्या एखाद्या पतंगाची सोयरीक त्यांच्याच घरात होते. त्यांची पोरं पुन्हा बीटी खाऊन मरतात. म्हणजे ती पुडी अळीला घातलेला घास होता, तो घास उरलेलं रान वाचवणार होता. मला ते वाचूनसुद्धा कळलं नव्हतं, कारण पाकिटावर 'लावा' असं लिहिलं होतं, 'का' ते मला समजेल अशा भाषेत कुणी सांगितलं नव्हतं. पण हे कारण मी स्वतःला फार वेळ देऊ शकत नाही. मी वाचणारा माणूस होतो, विचारायला हवं होतं. अलीकडे कंपन्या बिगरबीटी बी त्याच पाकिटात मिसळून देतात, म्हणजे आता पुडी फेकायची सोयच राहिली नाही. पण ही अक्कल अळी हाताबाहेर गेल्यावर आली.

सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणंही बरोबर नाही. इतर मोठ्या कापूस पिकवणाऱ्या देशांत बीटी मुख्यतः सरळ वाणांत आहे, घरचं बी ठेवता येतं अशा. आपल्याकडे ती संकरित वाणांतच दिली गेली, कारण संकरित बी दर वर्षी विकत घ्यावं लागतं. संकरित झाडाच्या एकाच बोंडात काही सरक्यांत बीटी असते, काहींत नसते. पान खाणाऱ्या किडीला हा फरक लागत नाही, पण ही सरकी खाणारी! तिला एकाच बोंडात विषाचा दाणाही मिळतो आणि बिनविषाचाही. अर्धवट विष खाऊन जगायचा सराव तिला आपण बोंडाबोंडात करून दिला. त्यात हे वाण लांब मुदतीचे, पाणी दिलं की पाच-सहा-सात महिने उभे. तिला जेवढे जास्त दिवस हिरवं बोंड, तेवढ्या जास्त पिढ्या.

आता सांगतो ते ऐकून तुम्हाला राग आला तर यावा. अमेरिकेतही हीच अळी होती, हीच बीटी होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांच्या कृषी खात्यानं जाहीर केलं की त्यांच्या कपाशीतून गुलाबी बोंडअळी संपली. शंभर वर्षांनी संपली. त्यांनी विमानातून अब्जावधी नपुंसक पतंग सोडले, तो खर्च आपल्याला झेपणारा नाही. पण त्याच्या जोडीला अमुक तारखेच्या आत पऱ्हाटी नांगरून टाकायची हा नियम होता, तो सगळ्यांना सारखा होता आणि तो पाळला जात होता. या गोष्टीला विमान लागत नाही.

आपल्याकडे तारखांचं काय चाललंय बघा.

शास्त्रज्ञ सांगतात डिसेंबरअखेर, फार तर जानेवारीच्या सुरुवातीला कपाशी संपवा, फरदड घेऊ नका. आज संक्रांत झाली. येताना मी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, पाणी आहे तिथे कपाशी हिरवी उभी आहे. का उभी आहे हे मला काउंटरवरून जितकं दिसतं तितकं शेती अधिकाऱ्याला दिसत नसेल. पहिल्या वेचणीच्या पैशात मजुरी आणि दुकानाची उधारी जाते. दुसऱ्यात घरचं लग्न, दवाखाना, पोरांची फी. बँकेचं आणि सोसायटीचं देणं तिसऱ्या वेचणीवर टाकलेलं असतं. ही अळी खाते ती नेमकी शेवटचीच वेचणी, कारण हंगामाच्या शेवटी तिची संख्या सगळ्यांत जास्त. म्हणजे ती कापूस शेतकऱ्याचा खाते पण हप्ता बँकेचा. मग सोसायटीच्या खरीप कर्जाची मुदत २८ मार्च असते, वेळेत भरलं नाही तर व्याजाची सवलत जाते. शेतकरी विचार करतो, आणखी दोन पाणी देऊ, दोन-चार क्विंटल कवडी कापूस तरी निघेल. फरदड उभी राहते ती हावेनं नाही, या तारखेच्या धाकानं. आणि फरदडीतली अळी पुढच्या वर्षी शेजाऱ्याच्या शेतात हजर. जो कर्ज फेडायला फरदड ठेवतो तोच स्वतःचं पुढचं कर्ज पेरून ठेवतो. मुदत आधी आणा असं मी म्हणत नाही, गैरसमज नको. ज्यानं डिसेंबरात पऱ्हाटी उपटली, त्याची उपटल्याची नोंद पटवाऱ्यानं करावी आणि त्याला हप्त्यात काही सूट-मुदत मिळावी, एवढंच म्हणतो. कागदावर हे काम अवघड नाही. मी रोज याहून अवघड कागद भरतो.

विम्याचंही असंच. कपाशीला शेतकऱ्याचा हिस्सा विमा रकमेच्या पाच टक्के. गारपीट झाली, पाणी साचलं तर ७२ तासांत कळवा, तुमच्या एकट्याच्या शेताचा पंचनामा होतो. त्या यादीत किडीचं नाव नाही. किडीचं नुकसान विम्यात धरलंच नाही असं नाही, पण ते सगळ्या विमा क्षेत्राच्या सरासरीत धरलं जातं. त्या क्षेत्राचं सरासरी उत्पादन ठरलेल्या उंबरठ्याखाली आलं तरच पैसे. तेव्हा रुमालातलं बोंड घेऊन आलेल्या काकांना मी हे नीट समजावून सांगायला हवं होतं. मी त्यांना पत्ता सांगून वाटेला लावलं.

महाराष्ट्रात काय झालं तेही पाहा, म्हणजे इकडे कुणाला 'तिकडे बरं आहे' असं वाटायला नको. डिसेंबर २०१७ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात घोषणा झाली: कोरडवाहूला हेक्टरी ३०,८०० आणि बागायतीला ३७,५०० रुपये. आकडा ऐकून इकडच्या लोकांनी तोंडात बोटं घातली. पण त्यात तीन वाटे होते, एक आपत्ती निधीचा, एक विम्याचा, एक बियाणे कंपन्यांकडून वसूल करायचा. आपत्ती निधीचा वाटा म्हणजे कोरडवाहूला ६,८०० आणि बागायतीला १३,५००, तोही दोन हेक्टरांपर्यंत. उरलेल्या दोन वाट्यांचं काय झालं ते आपापल्या रावेर-मुक्ताईनगरच्या पाहुण्यांना विचारा. संक्रांतीला आलेच असतील.

पाहुण्यांचा विषय निघालाच आहे तर शिवेबद्दल बोलतो, कारण माझं मुख्य म्हणणं तेच आहे. बुऱ्हाणपूर ते रावेर, पाऊण तासाचा रस्ता. आपल्या लेकी तिकडे, त्यांच्या इकडे. तापी इथून निघते आणि तिकडे जाते. पण कपाशीचे नियम नदीसारखे वाहत नाहीत. याच अळीसाठी महाराष्ट्र शासनानं काही वर्षं १ जूनच्या आधी कपाशीचं बी शेतकऱ्याला विकायला बंदी घातली. हेतू चांगला होता. मे महिन्यात कपाशी लावली नाही तर झोपेतून उठलेल्या पतंगाला अंडी घालायला फूल मिळत नाही आणि पहिली पिढी उपाशी मरते. पण आपल्याकडे निमाडात बागायतदार मे महिन्यात ठिबकवर कपाशी लावतात. मग काय व्हायचं ते झालं. मे महिन्यात तिकडच्या नंबरप्लेटच्या मोटारसायकली आपल्या बियाण्याच्या दुकानांपुढे उभ्या राहू लागल्या. दुकानदाराला आनंद, पाहुण्यालाही आनंद. रात्री उडणाऱ्या पतंगाला मध्य प्रदेश कुठे संपतो आणि महाराष्ट्र कुठे सुरू होतो हे कोण सांगणार? एका राज्यानं दार लावलं आणि दुसऱ्यानं खिडकी उघडी ठेवली.

तीच गोष्ट जिनिंगची. दोन्हीकडचा कापूस दोन्हीकडच्या जिनांत जातो. रेच्यातून कापूस निघाला की सरकीचे ढीग उघड्यावर पडतात. अळी तिथे झोपलेली. मे-जूनमध्ये जिनाच्या भिंतीवरचा दिवा लागला की त्याभोवती बारके करडे पतंग फिरतात, ते मी पाहिले आहेत. त्या वेळी मला वाटलं पावसाळी पाखरं. जिनाच्या आवारात आणि तेलघाणीत कामगंध सापळे लावावेत, सरकी पावसाळ्याच्या आधी गाळून संपवावी, किडकी सरकी नष्ट करावी, असं संशोधन संस्थेचं सांगणं आहे. इजिप्तनं पुढे जिनांत सरकी तापवायची यंत्रं बसवायला लावली होती, तीही शंभर वर्षांपूर्वी. आपल्याकडच्या जिनमालकांपैकी दोघे-तिघे आज इथे बसले आहेत. मी त्यांचं नाव घेत नाही, ते माझे खातेदार आहेत.

भगिनींना एक विनंती. घरामागे पऱ्हाटीचा ढीग सरपणासाठी रचलेला असतो. गॅस आला तरी पाणी तापवायला पऱ्हाटी लागतेच. ती पावसाळ्याच्या आधी जाळून संपवा, किंवा तुकडे करून खड्ड्यात कुजवा. वाळकी न उमललेली बोंडं तर आधी तोडून जाळा. मोठ्या भावांच्या घरी हा ढीग दोन वर्षांचा साठायचा, वरचा नवा, खालचा जुना. अळीची धर्मशाळाच.

शेतकरी बंधूंना तांत्रिक गोष्टी शेती विभागाचे लोक माझ्यापेक्षा चांगल्या सांगतील, तरी दोन आकडे लक्षात ठेवा. एकरी दोन कामगंध सापळे लावा आणि रोज मोजा. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग आले तर वेळ झाली समजा. आणि एकरात फिरून वेगवेगळ्या झाडांवरची वीस हिरवी बोंडं फोडून पाहा. वीसात दोन किडकी निघाली की उपाय सुरू करा. फोडल्याशिवाय कळत नाही. वीस बोंडं गेली तर काही बिघडत नाही. भावांना हे पटवायला मला एक हंगाम लागला, त्यांचं म्हणणं चांगलं बोंड कुणी हातानं फोडतं का.

केळीवाली मंडळी मागच्या रांगेत घड्याळ पाहताहेत. त्यांना वाटतं हा आपला विषय नाही. खरं आहे, ज्यांच्याकडे पाणी होतं ते केळीवर गेले. कपाशी उरली ती ज्यांच्याकडे पाणी कमी आणि कर्ज जास्त त्यांच्याकडे. पण शहरातले माग, जिन, तेलघाण्या, हमाल, हातगाडीवाले आणि माझी बँक ही सगळी त्या कपाशीवरच उभी आहेत.

शेवटचं. निवडणूक आली की सगळे पक्ष या सभागृहात येतात. आपल्याला मराठी माणूस म्हणून हाक मारतात, समाज-भवनाला पत्रे देतात, पंखे देतात. पंखे चांगले चालतात, त्याबद्दल आभार. आपला लोकसभा मतदारसंघ खंडवा, पलीकडचा रावेर. दोन खासदार, दोन जिल्हाधिकारी, दोन राज्यांचे दोन कृषी विभाग. यांतल्या कुणालाही एकट्यानं ही अळी आवरणार नाही, आणि या दोन बाजूंना एका टेबलाशी बसवायला आपल्याइतकं योग्य कोण आहे? आपलं अर्धं गणगोत तिकडे आहे. म्हणून मी एक अर्ज लिहून आणला आहे. त्यात चार मागण्या आहेत: तापीच्या दोन्ही बाजूंना बियाणे विक्रीची आणि पेरणीची एकच तारीख, पऱ्हाटी काढायची एकच तारीख आणि ती पाळणाऱ्याला कर्जाच्या हप्त्यात सवलत, जिनांत आणि तेलघाण्यांत सापळे सक्तीचे, आणि पीकविम्याच्या ७२ तासांच्या यादीत किडीचं नाव. अर्ज मराठीत आणि हिंदीत असा दोन्ही भाषांत आहे, कारण एक बुऱ्हाणपूरला द्यायचा आहे आणि एक जळगावला. कुठल्याही पक्षाचं नाव त्यात नाही. ज्या पक्षाला उचलायचा त्यानं उचलावा.

त्या काकांचं नंतर काय झालं, असं मघाशी एकानं मला बाहेर विचारलं. त्यांनी कपाशी सोडली. जमीन ठोक्यानं दिली आहे. कर्ज दोन हप्त्यांत फेडलं, एक हप्ता मुलानं इंदूरहून पाठवला. अजून पासबुकावर नोंद करायला येतात, मला भाऊच म्हणतात, बोंडाचा विषय दोघंही काढत नाही.

अर्जाच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर आहेत, तिळगुळाच्या ताटाशेजारी. सही करताना गावाचं आणि पटवारी हल्क्याचं नाव लिहा, म्हणजे कचेरीत परत पाठवायला कारण उरणार नाही. पेन दोरीला बांधून ठेवलं आहे. सवय आहे, राग मानू नका.